भूक मंदावणारें औषध आणि मिठाची पुडी

कृष्णा नदी महाबळेश्वरीं उगम पावते, वाई, कऱ्हाड या गांवांवरून वाहत खालीं उतरते आणि सांगलीच्या घाटाला येऊन भिडते. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेलीं संस्थानें मिळून दक्षिण सातारा नांवाचा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. राज्यकारभाराच्या सोयीसाठीं जिल्हे दोन झाले, तरी नातींगोतीं कांहीं तुटलीं नाहींत. साताऱ्यास माहेर आणि सांगलीस सासर असलेल्या स्त्रिया आजहि घरोघर आढळतात. अशाच एका कल्पित कुटुंबांतील थोरली बहीण आणि धाकटा भाऊ हीं दोघें श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावींत. बहिणीला सारीं अक्का म्हणतात; त्यांचें घर सांगलीस गांवभागांत. भावाला अण्णा म्हणतात. ते साताऱ्यास सदाशिव पेठेंत राहतात. दोघांनींहि साठी ओलांडलेली, दोघांचेंहि वजन बेताबाहेर गेलेलें, दोघांच्याहि रक्तांत साखर वाढलेली, आणि दोघांनाहि रक्तदाबाची गोळी चालू. दोघांच्या डॉक्टरांनीं आपापल्या परीनें विचार करून, आठवड्यांतून एकदां टोंचून घ्यावयाचें तें नवें औषध त्यांना सुरू केलें. पुढें जें घडलें त्यांत अण्णांनीं मीठ नको असतां घेतलें, आणि अक्कांना तें हवें असतां त्यांनीं घेतलें नाहीं. हीं माणसें कल्पित आहेत. त्यांच्या शरीरांत जें घडलें तें मात्र कोणाच्याहि घरीं घडण्यासारखें आहे.

प्रथम त्या औषधाविषयीं. जेवण पोटांत गेलें म्हणजे आंतड्यांच्या अस्तरांतून एक द्रव्य रक्तांत उतरतें. जीएलपी-१ हें त्याचें शास्त्रीय नांव. तें स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याची सूचना देतें, जठरांतील अन्न पुढें सरकण्याचा वेग कमी करतें, आणि मेंदूला 'आतां पुरे' असा निरोप पोंचवितें. परंतु शरीरांतील हें मूळ द्रव्य अवघ्या कांहीं मिनिटांत नाहींसें होतें, म्हणून त्याचें औषध करणें कठीण होतें. १९९२ सालीं न्यूयॉर्क येथील डॉ. जॉन एंग यांना अमेरिकेंतील हीला मॉन्स्टर नांवाच्या विषारी सरड्याच्या विषांत त्याच्यासारखेंच, पण अधिक टिकाऊ द्रव्य सांपडलें. त्यावरून तयार झालेलें पहिलें औषध २००५ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. सेमाग्लुटाइड हें त्याच कुळांतलें पुढचें औषध, आणि टिर्झेपाटाइड हें त्याहून नवें. भारतांत टिर्झेपाटाइड 'मौंजारो' या नांवानें मार्च २०२५ मध्यें, आणि वजन उतरविण्याकरितां असलेलें सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नांवानें जून २०२५ मध्यें विक्रीस आलें. सेमाग्लुटाइडच्या भारतांतील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. तेव्हां हें औषध मुंबई-पुण्याच्या धनिकांपुरतेंच राहील असें समजण्याचें कारण नाहीं.

वजन उतरविणाऱ्या औषधांची कुळकथा एरव्हीं फारशी अभिमानास्पद नाहीं. १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत डायनायट्रोफेनॉल नांवाचें रसायन या कामीं धडाक्यानें खपूं लागलें. कित्येकांना मोतीबिंदू झाले, कांहीं जण दगावले, आणि १९३८ सालीं तें बंद करावें लागलें. १९९७ सालीं दुसऱ्या एका जोडऔषधानें हृदयाच्या झडपांना इजा होते असें दिसून आल्यावर त्यांतील घातक घटक बाजारांतून काढून घेतले गेले. सिब्युट्रामिन भारत सरकारनें २०११ सालीं बंद केलें. या पार्श्वभूमीवर नव्या औषधांची कामगिरी निराळीच ठरते. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचें वजन ६८ आठवड्यांत सरासरीनें सुमारें १५ टक्के उतरलें, आणि २०२२ च्या प्रयोगांत टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनें ७२ आठवड्यांत सुमारें २१ टक्के. औषध थांबविल्यावर वजन बहुतांशीं परत चढूं लागतें, हेंहि त्याच अभ्यासकांनीं दाखवून दिलेलें आहे. मळमळ, वांती, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्याचे ठराविक उपद्रव; मात्रा वाढविली जाते त्या दिवसांत ते अधिक जाणवतात. याच कारणानें मात्रा अगदीं लहान ठेवून आरंभ करतात आणि चार चार आठवड्यांनीं ती वाढवितात.

औषध बाजारांत आलें कीं त्याच्या पाठोपाठ पूरक वस्तूंची वरात निघते. या औषधाच्या वरातींत सर्वांत पुढें आहे ती इलेक्ट्रोलाइटची पुडी. पाण्यांत टाकली कीं फसफसते, संत्र्याचा नाहीं तर लिंबाचा वास येतो, आणि 'अशक्तपणा, चक्कर, डोकेंदुखी, पायांत गोळे' या साऱ्यांवर ती उतारा आहे असें सांगितलें जातें. जेवण कमी झालें म्हणजे शरीरांतले क्षारहि कमी पडतात, सबब ही पुडी रोज घ्यावी, असा हा युक्तिवाद. तो ऐकावयास सरळ आहे, आणि त्यांत सत्याचा अंशहि आहे. म्हणूनच तो नीट तपासून घ्यावा लागतो.

इलेक्ट्रोलाइट हा शब्द मायकेल फॅरडे यानें १८३४ सालीं रूढ केला. शाळेंत पदार्थविज्ञानाच्या तासाला दाखविला जाणारा प्रयोग पुष्कळांना आठवत असेल: ऊर्ध्वपातित पाण्यांत दोन तारा सोडल्या तर दिवा लागत नाहीं, त्याच पाण्यांत चिमूटभर मीठ टाकलें कीं लागतो. जें पाण्यांत विरघळून वीज वाहूं देतें तें इलेक्ट्रोलाइट. शरीरांतहि काम तेंच. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्या विद्युत्भारित कणांच्या जोरावर मज्जातंतूंतून निरोप धांवतो, स्नायू आंखडतो, हृदयाचा ठोका पडतो. सोडियमचा मुक्काम मुख्यतः पेशींच्या बाहेरील द्रवांत, तर पोटॅशियमचा जवळजवळ सारा सांठा पेशींच्या आंत. रक्तांत एका लिटरमागें सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल असावें लागतें, आणि पोटॅशियम अवघें साडेतीन ते पांच. हा दुसरा आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तो थोडा वर गेला तरी हृदयाच्या तालाला धोका पोंचतो.

हा हिशेब कोण ठेवतें? मूत्रपिंडें. दोन्हीं मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यांतला जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर टाकून बाकीचा, हवे तेवढे क्षार मोजून घेऊन, परत रक्तांत सोडतात. मीठ कमी आलें तर तें राखून ठेवतात, अधिक आलें तर दवडतात. एवढा दक्ष कारकून कोणत्याहि कचेरींत मिळावयाचा नाहीं. परंतु त्याला कामाला पुरेसें पाणी मिळालें पाहिजे, तो स्वतः धडधाकट असला पाहिजे, आणि एखाद्या औषधानें त्याचे हात बांधलेले नसले पाहिजेत. अण्णांच्या बाबतींत नेमकी शेवटची अडचण होती.

अण्णांचें वजन ९८ किलोवरून तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत ८६ वर आलें. साताऱ्यांत राहून कंदी पेढ्याकडे पाठ फिरविणारा मनुष्य हा पेठेंत कौतुकाचा विषय झाला. परंतु सकाळीं अंथरुणांतून उठतांना त्यांच्या डोळ्यांपुढें अंधारी येऊं लागली. सुनेनें काळजीनें पुड्यांचा डबा आणला. "मामंजी, जेवण निम्म्यावर आलें आहे तुमचें. मीठ कमी पडत असणार अंगांत. सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या," असें ती म्हणाली, आणि अण्णांनीं तें ऐकलें. वर शक्तीसाठीं म्हणून रोज एक शहाळें. तीन आठवडे असे गेले. अंधारी कमी झाली नाहीं. उलट पायांत एक प्रकारची जडता येऊं लागली.

त्यांच्या डॉक्टरांनीं पहिली गोष्ट केली ती अशी कीं, अण्णांना निजवून रक्तदाब मोजला आणि लगेच उभें करून पुन्हां मोजला. उभें राहिल्यावर तो एकदम खालीं आला. वजन ९८ किलो असतां ठरविलेली टेल्मिसार्टनची मात्रा ८६ किलोच्या माणसाला जास्त होत होती. वजन उतरलें कीं रक्तदाबहि उतरतो, हा या उपचाराचा मोठाच लाभ; पण गोळी मात्र जुन्याच मापाची चालू राहिली. गोळीनें रक्तदाब खालीं ओढावयाचा आणि मिठानें तो वर ढकलावयाचा, असा तो दोन्ही हातांचा कारभार चालला होता. त्याहून गंभीर गोष्ट रक्ताच्या तपासणींत दिसली. सोडियम ठीक होतें, पोटॅशियम ५.६ होतें. टेल्मिसार्टन व त्याच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकूं देत नाहींत, अण्णांच्या मधुमेहामुळें मूत्रपिंडें आधींच थोडीं थकलेलीं, आणि पुडींतून व शहाळ्यांतून पोटॅशियम रोज आंत येत होतें. शहाळ्याच्या पाण्यांत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडें असतें, ही गोष्ट त्याच्या कोडकौतुकांत विसरली जाते. डॉक्टरांनीं पुडी व शहाळें दोन्ही बंद केलीं, गोळी निम्मी केली, आणि आठवड्यानें रक्त पुन्हां तपासलें. पोटॅशियम ठिकाणावर आलें, अंधारी गेली.

अण्णांना खरोखर मीठ कमी पडत होतें काय? साधा हिशेब करून पाहावा. भारतांतील पाहणींत प्रौढ मनुष्याच्या पोटांत दिवसाला सुमारें ८ ग्रॅम मीठ जातें असें आढळलेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमांच्या आंतली. जेवण निम्म्यावर आलें तरी ४ ग्रॅम मीठ जाणारच, आणि निरोगी शरीराची खरी गरज त्याहूनहि पुष्कळ कमी. त्यांतून ज्या घरीं लोणचें-पापड पानांत आहे आणि सांगलीहून बहिणीनें धाडलेल्या भडंगाचा डबा भरलेला आहे, तेथें मिठाचा दुष्काळ पडावयाचा कसा? परदेशांत विकल्या जाणाऱ्या कांहीं पुड्यांत एकेका पुडींत १००० मिलिग्राम सोडियम असतें. म्हणजे अडीच ग्रॅम मीठ झालें. रक्तदाबाच्या रोग्यानें अशा दोन पुड्या घ्यावयाच्या म्हणजे दिवसाची सारी मर्यादा पाण्यांतूनच गिळावयाची.

तथापि पुडीवाल्यांच्या म्हणण्यांत सत्याचा अंश कोठें आहे तेंहि सांगितलें पाहिजे. यकृतांत व स्नायूंत जो साखरेचा सांठा असतो त्याच्या एकेका ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. आहार एकाएकीं घटला, विशेषतः भात-भाकरी पार सोडली, म्हणजे हा सांठा संपतो, इन्शुलिन खालीं येतें, आणि मूत्रपिंडें एरव्हींपेक्षां अधिक सोडियम व पाणी सोडून देतात. पहिल्या पंधरवड्यांत कांट्यावर जें वजन झपाट्यानें उतरलेलें दिसतें त्यांतलें बरेंचसें हें पाणीच असतें. या दिवसांत डोकें दुखणें, गळून जाणें हें अशक्य नाहीं. शिवाय औषधामुळें भुकेबरोबर तहानहि मंदावते, आणि मनुष्य पाणी प्यावयास विसरतो. माण-खटावच्या उन्हांत दिवसभर राबणाऱ्याला, किंवा यवतेश्वराच्या घाटांतून हिल मॅरेथॉन धांवणाऱ्याला घामावाटें गेलेलें मीठ भरून काढावेंच लागेल. परंतु सावलींत बसून, दोन वेळां जेवून, वांती-जुलाब कांहीं नसतां, केवळ औषध चालू आहे म्हणून प्रत्येकानें रोज पुडी घेतलीच पाहिजे, याला प्रयोगाचा आधार नाहीं. अशा माणसाला पाणी, पातळ ताक, वरण, भाज्या यांतून सारें मिळतें.

आतां अक्कांकडे वळण्यापूर्वीं मीठ-साखरेच्या पाण्याचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. कारण खरी क्षारांची पुडी ही विसाव्या शतकांतील मोठ्या शोधांपैकीं एक आहे, आणि तिच्या नांवावर जें कांहीं खपतें त्यावरून तिचें मोल ठरवूं नये. १८३१-३२ सालीं इंग्लंडांत पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. ओशॉनेसी या तरुणानें रोग्यांच्या रक्ताचें पृथक्करण करून दाखविलें कीं, त्यांतलें पाणी व क्षार नाहींसे झालेले असतात. लीथ गांवच्या डॉ. थॉमस लाटा यानें त्यावरून १८३२ मध्यें रोग्यांच्या शिरांत मिठाचें पाणी सोडून पाहिलें. (हाच ओशॉनेसी पुढें हिंदुस्थानांत आला आणि त्यानें येथें तारायंत्राच्या तारा घातल्या, विजेशीं त्याची गांठ दोन्हीकडे पडली असें म्हणावें लागेल.) पण शिरेंतून पाणी देण्यास बाटल्या, सुया आणि शिकलेलीं माणसें लागतात. तोंडावाटें दिलेलें मिठाचें पाणी पटकींत आंतडें शोषून घेत नसे. १९६० मध्यें रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें मांडलें कीं, आंतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज हीं जोडीनें शिरतात. साखरेचा कण दार उघडतो, त्याच्याबरोबर मीठ आंत जातें, आणि मिठापाठोपाठ पाणी.

या तत्त्वाची कसोटी १९७१ सालीं बंगालच्या सीमेवर बनगांव येथें लागली. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आलेले, पटकी भडकलेली, इस्पितळांत रोगी जमिनीवर पडलेले आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलेलें. डॉ. दिलीप महालनोबीस यांनीं कलकत्त्यांत मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज तोलून पुड्या करविल्या, छावणींत त्या पाण्याच्या पिंपांत कालविल्या, आणि रोग्यांच्या आया, भाऊ, बहिणी यांच्या हातांत पेले दिले. लिटरमागें २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा, एवढीच ती कृति. जेथें शंभरांत सुमारें तीस दगावत होते तेथें हें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. महालनोबीस २०२२ च्या ऑक्टोबरांत वारले. सरकारनें पद्मविभूषण दिलें तें त्यांच्या पश्चात्, २०२३ सालीं. हयातींत दिलें असतें तर तें देणाऱ्यालाच अधिक शोभलें असतें.

आज जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेल्या पुडींत लिटरभर पाण्यासाठीं २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतें; २००२ पासून हेंच प्रमाण आहे. यांतली साखर चवीसाठीं नाहीं, मिठाला आंत नेण्यासाठीं आहे. म्हणून 'बिनसाखरेचें' असें मिरविणारें इलेक्ट्रोलाइटचें पेय जुलाब-वांतींत या पुडीची जागा घेऊं शकत नाहीं. आणि गोड शरबतांत चिमूटभर क्षार टाकून केलेलें पेयहि घेऊं शकत नाहीं, कारण जास्त साखर आंतड्यांत पाणी ओढून जुलाब वाढवितें. अशा गोड पेयांच्या नांवांतच 'ओआरएस' हीं अक्षरें छापलेलीं असत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनीं याविरुद्ध कित्येक वर्षें झुंज दिली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें हीं अक्षरें वापरण्याची सवलत काढून घेतली. तरीहि विकत घेतांना पुडीवरील घटक वाचून घ्यावेत. वेष्टणावरचें संत्र्याचें चित्र पाहून घेऊं नये.

अक्कांची हकीकत अशी. सेमाग्लुटाइडची मात्रा गुरुवारीं वाढविली. शुक्रवारीं मळमळ, शनिवारीं चार वेळां वांती. अक्कांनीं घरीं कोणाला फारसें सांगितलें नाहीं. सासरीं चाळीस वर्षें घालविलेल्या बायकांना दुखणें अंगावर काढण्याची संवय असते, आणि त्यांतून 'औषध लागू पडतें आहे' अशी त्यांची समजूत. रविवारीं एकादशी आली. पोटांत कांहीं ठरत नाहीं, तर उपासच घडेल, असें म्हणून त्यांनीं साबुदाणाहि टाळला आणि नुसतें पाणी घेतलें. गोळ्या मात्र त्यांनीं नेमानें घेतल्या: मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठीं टेल्मिसार्टन आणि तिच्यातच मिसळलेलें लघवी वाढविणारें औषध. संध्याकाळीं अण्णांचा फोन आला. आवाज खोल गेलेला ऐकून ते म्हणाले, "अक्का, अग तूं ती क्षारांची पुडी तरी घेतेस कीं नाहीं?"

"अरे, तुलाच ना डॉक्टरांनीं ती बंद करायला सांगितली? मग मला कशाला सांगतोस?" अक्का म्हणाल्या. अण्णांना यावर उत्तर सुचलें नाहीं.

सोमवारीं सकाळीं अक्कांना उभें राहवेना. आदल्या दिवसभरांत लघवी एकदांच, तीहि गडद पिवळी. जीभ कोरडी, नाडी जलद. मुलानें रिक्षांतून इस्पितळांत नेलें. रक्तांत सोडियम उतरलेलें आणि क्रिएटिनिन चढलेलें निघालें. म्हणजे मूत्रपिंडांचें गाळण्याचें काम मंदावलेलें. गेलेलें पाणी आणि मीठ दोन्ही असतां भरपाई नुसत्या पाण्यानें झाली, म्हणून सोडियम पातळ झालें. लघवीच्या औषधानें उरलेलें मीठहि बाहेर नेलें. आणि टेल्मिसार्टननें अशा आणीबाणींत मूत्रपिंडाचा दाब टिकवून धरणारी यंत्रणाच सैल करून ठेवली होती. वांती-जुलाबांनीं पाणी आटून मूत्रपिंडाला एकाएकीं इजा होऊं शकते, ही सूचना या औषधाच्या माहितीपत्रकांत छापलेली असते. पण त्या बारीक टाइपाच्या कागदाची घडी सहसा उलगडलीच जात नाहीं. शिरेंतून सलाइन देऊन चौथ्या दिवशीं अक्का घरीं आल्या. आणखी एक दिवस गेला असता तर गोष्ट एवढ्यावर भागली नसती.

उपासाच्या निमित्तानें एक गोष्ट आठवते. १९३२ च्या सप्टेंबरांत येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं जें प्राणांतिक उपोषण केलें, त्याची सूचना देणाऱ्या पत्रांतहि त्यांनीं पाणी, आणि इच्छेप्रमाणें त्यांत मीठ वा सोडा, एवढ्याची मोकळीक ठेवलेली होती. प्राण पणाला लावणाऱ्यालाहि मिठाचा विसर पडला नव्हता. एकादशी करणाऱ्या गृहिणीनें तो पडूं द्यावा याचें कारण नाहीं.

घरीं पाठवितांना अक्कांच्या डॉक्टरांनीं जें सांगितलें तें सुनेनें कागदावर उतरवून घेतलें. वांती दोनपेक्षां अधिक वेळां झाली, किंवा जुलाब लागले, तर त्याच दिवशीं फोन करावा. त्या दिवशीं कोणत्या गोळ्या थांबवावयाच्या तें विचारावें, आपल्या मनानें थांबवूं नयेत आणि आपल्या मनानें चालूहि ठेवूं नयेत. खरी ओआरएसची पुडी बरोबर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यांत घालावी, अर्ध्या पेल्यांत पाव पुडी असला अंदाज करूं नये, आणि घोटघोट घ्यावी. एकदम पेलाभर प्यायल्यास मंदावलेलें जठर तें परत फेंकतें. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मधुमेह आहे म्हणून या दिवसापुरती ही साखर वगळूं नये. मात्र रक्तांतील साखर तपासत राहावें. पोट भयंकर दुखून कळ पाठींत जाऊं लागली तर तें निराळें दुखणें असूं शकतें. तेथें पुडी-पाणी करीत बसूं नये, इस्पितळ गांठावें. आणि पुढचें इंजेक्शन विचारल्यावांचून घेऊं नये. हें औषध शरीरांत आठवडाभरानंतरहि निम्मेंअर्धें शिल्लक असतें, त्यामुळें आज थांबविलें म्हणून उद्यां मळमळ थांबेल असें नसतें.

डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट विचारली: जेवणांत डाळ, दूध, उसळ, अंडें यांपैकीं काय काय जातें? कारण भूक मेलेली असली म्हणजे माणसें मऊ भात आणि बिस्किटें यांवर दिवस काढतात, आणि चरबीबरोबर स्नायूहि झिजतात. अण्णा-अक्कांनीं ज्याला 'क्षार कमी पडले' असें म्हटलें असतें त्या अशक्तपणाचें कारण पुष्कळदां हें असतें. पुडींत प्रथिनें नसतात. स्नायू राखावयाला खाणें आणि हालचाल दोन्ही लागतात. सातारा जिल्ह्यांतील औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांवर १९२८ सालीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि संस्थानांतल्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले. त्यांच्या साऱ्या दाव्यांना शास्त्राची साक्ष मिळेल असें नाहीं. पण वजन उतरविणाऱ्या मनुष्यानें दंड आणि मांड्या यांना रोज काम द्यावें, एवढी गोष्ट आजचे डॉक्टरहि सांगतात. साठीपुढच्या माणसानें आरंभ मात्र भिंतीला हात टेकून, खुर्चींतून उठून-बसूनच करावा, आणि अंधारी येत असेल तर आधीं रक्तदाब मोजून घ्यावा.

अक्कांना औषध पुन्हां सुरू झालें तें आधीच्या लहान मात्रेनें. दोन महिन्यांनीं रक्त तपासलें तेव्हां क्रिएटिनिन जवळजवळ पूर्वींइतकें उतरलेलें होतें. इंजेक्शनचा वार दोघां भावंडांनीं आतां एकच ठेवला आहे. गुरुवारीं रात्रीं साताऱ्याहून फोन जातो. "काय खाल्लेंस, किती पाणी प्यालीस, लघवी किती वेळां?" असे प्रश्न अण्णा विचारतात, आणि अक्का ओरडतात, "अरे, जरा हळू बोल, पलीकडे जांवई बसला आहे." त्यांच्या स्वयंपाकघरांतल्या फडताळांत साखरेच्या डब्यामागें ओआरएसच्या दोन पुड्या आणि सुनेच्या हातचा तो कागद ठेवलेला आहे, एरव्हीं त्याला कोणी हात लावीत नाहीं. साताऱ्यास अण्णांच्या डब्यांत उरलेल्या संत्र्याच्या वासाच्या पुड्या सुनेनें आपल्या भावाला देऊन टाकल्या. तो पावसाळ्यांत पहांटे यवतेश्वराचा घाट धांवत चढतो, आणि घामानें निथळत खालीं उतरतो.